वायंगणकराचा खडा गेला कुठं?

काशिनाथ वायंगणकराच्या उजव्या कुशीत मुतखडा आहे, याबद्दल कसालच्या बाजारपेठेत दोन मतं नव्हती. भांडण सुरू झालं ते खडा गेल्यावर.

खडा होता तोवर काशिनाथला मान होता. हायवेला लागून त्याचं दुकान. वह्या, छत्र्या, कंदिलाच्या काचा, जून महिना आला की दप्तरं. गिऱ्हाईक छत्री उघडून काड्या तपासत असलं की काशिनाथ मधेच गल्ल्यावर ओणवा व्हायचा, डोळे फिरवायचा, आणि गिऱ्हाईक छत्री तशीच टाकून उपाय सांगायला बसायचं. छत्री खपायची नाही. उपाय मात्र रोज ताजे यायचे.

सगळ्यांचं एकमत कुळथावर. सकाळी कुळथाचं कढण, दुपारी कुळथाची पिठी, संध्याकाळी मोड आलेले कुळीथ. एखाद्या घोड्यानं तेवढे कुळीथ खाल्ले असते तर टांग्यासकट बेळगाव गाठलं असतं. काशिनाथचा खडा जागचा हलला नाही. उलट तो कुळथावर पोसला जातोय, असा त्याच्या बायकोला, विमलाला, दाट संशय होता.

समोरच्या चहाच्या हॉटेलातला महादू या विषयातला अधिकारी माणूस. त्याचाही खडा होता, पण तो जुन्या पद्धतीनं, पोट फाडून काढलेला. तो त्यानं हॉर्लिक्सच्या बाटलीत घालून मालवणी खाज्याच्या बरणीशेजारी मांडून ठेवला होता. महादूचं लक्ष नसताना परगावच्या गिऱ्हाइकाचा हात कधीकधी चुकीच्या बाटलीकडे जायचा. कुणी नुसतं ‘पोट’ म्हणालं तरी महादू सदरा वर करायचा आणि टाक्यांची रेघ अशी दाखवायचा, जशी काही गोव्याची हद्द त्यानंच आखली आहे.

“कापून घे रे काशिनाथा,” तो म्हणायचा. “माणसाच्या अंगार टाको नसलो तर तो माणूस कसलो? नुसता पोस्टातला कोरा पाकीट!”

काशिनाथ कापून घ्यायला घाबरत होता. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कुणाला सांगायची गरजही नव्हती.

घरात अक्का, काशिनाथची थोरली बहीण. डोळ्यांनी अधू, कानांनी तिखट. घरात कुणी कण्हलं की ती भिंत चाचपत देवघरापाशी जायची, कोनाड्यातून रवळनाथाच्या अंगाऱ्याची पुडी काढायची, एक चिमूट कपाळाला लावायची आणि एक जिभेवर ठेवायची. रोगी माणूस, दुभती म्हैस, परीक्षेला निघालेली पोरं, बंद पडलेला रेडिओ, सगळ्यांना एकच औषध. रेडिओला जीभ नसल्यामुळे त्याला नुसतं कपाळावर. अंगाऱ्याच्या पुड्या दुकानातल्या जुन्या वह्यांच्या कागदात बांधलेल्या असत. हा कागद पुढं लागणार आहे म्हणून सांगून ठेवतो.

आणि विमलाचं न्हाणीघर. ते अजून बांधलेलं नव्हतं, पण त्या घरात सर्वांत जास्त बोललं जायचं ते त्याच्याबद्दलच. घराच्या मागं चार खांब रोवून नारळाची झापं बांधलेली, आत एक दगड, एवढ्यावर विमलाची लग्नापासूनची आंघोळ चालली होती. शेजारच्या अप्पांची गाय झापं ओढून खायची. ती आंघोळ चालू असतानाच का खायची हे गायीला माहीत. विमलानं लोकांचे ब्लाउज शिवून शिवून पोस्टात पैसे साठवले होते. चिऱ्याची भिंत, वर पत्रा, दार, आणि दाराला आतून कडी. कडी तर तिनं आधीच आणून ठेवली होती, पितळेची, मालवणच्या बाजारातून. ट्रंकेत साड्यांच्या खाली. अधूनमधून ती काढून पुसायची आणि परत ठेवायची.

या सगळ्यात गुरुदास घुसला. गुरुदास काशिनाथचा भाचा. चार धंदे करून पाचव्याला लागलेला, आणि तो पाचवा म्हणजे विमा. आयुष्याचा नव्हे, आजारपणाचा. नवीनच निघालेली गोष्ट. वर्षापूर्वी त्यानं मामाच्या गळ्यात तो विमा बांधला होता, कारण पहिला बकरा घरातलाच लागतो. अख्खी बाजारपेठ हसली होती. माणूस मेल्यावर पैसे मिळतात हे लोकांना कळत होतं; जिवंत राहिल्याबद्दल कंपनी पैसे देईल यावर कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. खरं सांगायचं तर कंपनीही तयार नव्हती.

“मामानू,” गुरुदास म्हणाला, “मुंबयत यंत्र इला हा. जर्मनीचा. कापणा नाय, फाडणा नाय. पाण्यात बसवतत आणि भायरसून दणके देवन खडो फोडतत. पीठ जाता त्याचा. तुमचो विमो आसा. कंपनी भरतली सगळा.”

कापणं नाही हे ऐकताच काशिनाथचा अर्धा खडा तिथंच विरघळला.

“पण पयले पैसे आपण भरूचे,” गुरुदास हळूच म्हणाला. “मगे कंपनी देता.”

आधी भरायला पैसे होते एकाच ठिकाणी. विमलानं पोस्टाचं पुस्तक आणून काशिनाथपुढं ठेवलं. नंतर ट्रंक उघडल्याचा आवाज आला, कडी पुसल्याचा आला, ट्रंक मिटल्याचा आला. काशिनाथ उठून आत गेला आणि म्हणाला, “गो, कंपनीचे पैसे इले की दुसऱ्या दिवशी पाया खणूक घेतंय. रवळनाथाची आण.” त्यानं आजवर देवाची आण घेतली नव्हती. दुकानदारानं घ्यायची नसते.

शेजारचे अप्पा निवृत्त तलाठी. ते गायीमागून कुंपणापाशी आले आणि त्यांनी सरकारी वाट दाखवली. “काशिनाथा, परदेशातून असली यंत्रां आणूक सरकारान जकात माफ केली हा. अट काय? तर गरिबांका फुकट उपचार. तू गरिबीचो दाखलो काढ. मी सांगतंय कसो काढूचो ता. जाताना हातातला घड्याळ काढून जा, आणि दाढी करू नको.”

काशिनाथच्या बापाचं दुकान, आजोबाचं दुकान. तो ताठ झाला. “अप्पानू, मी गरीब नाय. माझ्याकडे फक्त पैसे नाय.”

हे वाक्य त्याला एवढं आवडलं की तो मुंबईला निघेपर्यंत ते सगळ्यांना ऐकवत होता. मुंबईच्या त्या इस्पितळात मात्र, गरिबांसाठी राखून ठेवलेल्या खाटेवर त्याला एक गृहस्थ दिसले. दोन्ही हातांत अंगठ्या, खाटेखाली फळांची करंडी, आणि बाहेर उभी असलेली त्यांची मोटार पुसायला वेगळा माणूस. सरकारनं गरिबांसाठी खाट राखली होती आणि खाटेनं स्वतःला गरिबांपासून राखलं होतं. यावर कुणाला राग येत असेल तर येऊ दे. राग यायलाच लिहिलंय.

आता टबाविषयी. कंबरेत सुई टोचून काशिनाथचं खालचं अंग बधिर केलं, लोखंडी खुर्चीला बांधलं आणि यारीनं उचलून भल्यामोठ्या टबावर धरलं. खाली कोमट पाणी. चारी बाजूंनी हिरव्या कपड्यातली माणसं. काशिनाथला आपण अनंत चतुर्दशीचा गणपती आहोत असं वाटलं. खुर्ची हळूहळू पाण्यात जाताना त्याच्या तोंडून निघून गेलं, “पुढच्या वर्षी लवकर या!” डॉक्टर म्हणाले, “नको, नको. परत येऊ नका.”

मग पाण्याखालून टिचक्या सुरू झाल्या. टक्, टक्, टक्. कॅरमवर कुणी तरी रागानं स्ट्रायकर मारत असावा तशा. पडद्यावर त्याला खडा दाखवला, मग फुटताना दाखवला. काशिनाथला एका क्षणी त्या खड्याबद्दल वाईट वाटलं. पावसाळाभर कुळीथ घालून सांभाळलेला!

सोडताना डॉक्टर म्हणाले, “काही दिवस लघवी फडक्यातून गाळा. रेती पडेल, ती जपून ठेवा. विम्याला लागेल.” काशिनाथनं आज्ञा पाळली. फक्त घरी आल्यावर फडकं कुठलं घ्यायचं हे त्यानं कुणाला विचारलं नाही, आणि स्वयंपाकघरात खुंटीला असलेलं, सोलकढीसाठी नारळाचा रस गाळायचं फडकं घेतलं. विमलाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्या घरात पुढं कित्येक दिवस कुणी सोलकढीला हात लावला नाही. अप्पांच्या घरीही नाही, कारण त्या दिवशीची कढी त्यांच्याकडे वाटी भरून गेली होती.

रेती पडली. राखाडी, चिमूटभर नव्हे, चांगली दोन-चार चिमटी. काशिनाथनं ती उन्हात वाळवली, वहीच्या कागदात पुडी बांधली, आणि घरातल्या सगळ्यांत सुरक्षित जागी ठेवली. उंदीर जात नाही, पोरं हात लावत नाहीत, पाऊस येत नाही, अशी घरात एकच जागा असते. देवघराचा कोनाडा.

खरी कुचंबणा आता सुरू झाली. काशिनाथ दुकानात बसला, दुखणं बंद, चेहरा टवटवीत. बाजारपेठ जमली. महादू पुढं झाला.

“ऑपरेशन झाला मा? मगे टाके खंय?”

“टाके नाय. टबात बसवून फोडलो.”

“टबात?”

“पाण्याच्या.”

महादूनं सगळ्यांकडे बघितलं. “मेल्या, पाण्यात बसान खडे फुटाक लागले, तर तोंडवलीचे रापणवाले जल्मभर दर्यात उभे आसत. तेंच्या तोंडात दात सुदीक रवले नसते!”

लोक असे हसले की हायवेवरचा ट्रक थांबला. आणि संध्याकाळी घरी विमला पाण्याची कळशी झापांआड नेताना, वळून न बघता म्हणाली, “माझ्या न्हाणीघराचे पैसे घेवन तुम्ही मुंबयत न्हावन इलास.”

हे मात्र काशिनाथला लागलं. महादूचं हसणं अंगावरून जात होतं. हे गेलं नाही. गावाच्या लेखी तो खोटा, बायकोच्या लेखी आंघोळ करून आलेला. दोन्हीला एकच उत्तर होतं: कंपनीनं लिहून द्यायला हवं होतं की वायंगणकराचं ऑपरेशन झालं.

कंपनीच्या शाखेत गुरुदासनं त्याला इस्त्रीचा सदरा घालून नेला. तिथले अधिकारी सज्जन होते. सज्जन अधिकाऱ्यांची मला जास्त भीती वाटते. उद्धट माणसाशी भांडता येतं.

अधिकाऱ्यांनी अर्ज वाचला आणि पेन्सिलीचं टोक एका रिकाम्या जागेवर ठेवलं. “छेदाची लांबी भरलेली नाही.”

“छेद नाही साहेब,” काशिनाथ शुद्ध मराठीत म्हणाला. कचेरीत पाऊल टाकलं की तो तसाच बोलायचा. चपला बाहेर काढाव्यात तशी मालवणी तो पायरीवर काढून ठेवायचा.

“छेद नाही तर शस्त्रक्रिया कशी? शस्त्र कुठलं वापरलं?”

“दणके, साहेब. पाण्यातून.”

“दणका हे शस्त्र नाही.” अधिकाऱ्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं. “पाण्यातले उपचार निसर्गोपचारात येतात. विश्रांतीसाठी, आरोग्यवर्धनासाठी घेतलेली स्नानं वगळलेली आहेत. तुम्ही टबात बसला होतात ना?”

“बसवलं होतं. बांधून.”

“बांधल्याचा उल्लेख बिलात नाही.”

गुरुदासनं झटकन क्ष-किरणांच्या दोन तसबिरी पुढं केल्या. पहिलीत खडा होता. अधिकाऱ्यांनी खिडकीकडे धरून बघितली. “खडा आहे, मान्य.” मग दुसरी धरली. बराच वेळ धरली. “यात तर काहीच नाही.”

“तेच तर साहेब!” काशिनाथ उठून उभा राहिला.

“अहो, काहीच नसल्याचा दावा मी कसा मंजूर करू? खडा होता. आता नाही. मग तो गेला कुठं? काढलेला खडा सादर करायचा असतो.”

काशिनाथनं खिशातून पुडी काढून टेबलावर उलगडली. पंखा चालू होता. तिघांनीही एकदम पुडीवर हात ठेवले. पंखा बंद झाल्यावर अधिकाऱ्यांनी चष्मा वर करून पाहणी केली.

“नग किती?”

“नग?”

“इथं लिहिलंय, खडा, नग. ही पूड आहे. पूड नगांत मोजत नाहीत. आणि क्षमा करा, ही वाळू नाही कशावरून?”

“साहेब, कसालात समुद्र नाही!”

“जिल्हा समुद्रकाठचा आहे,” अधिकारी समजुतीनं म्हणाले, आणि तसा शेरा मारला.

खासगी प्रयोगशाळेचा कागद चालत नव्हता. सरकारी प्रयोगशाळेत खडा तपासत, पूड तपासायची तरतूद नव्हती. यंत्र देशात आणायला सरकारनं परवानगी दिली होती, जकात सोडली होती, उद्घाटनाला मंत्री पाठवला होता. फक्त त्या यंत्रानं रोगी बरा झाला तर त्याला काय म्हणायचं, हे ठरवायला कुणाला सवड झाली नव्हती. जर्मनीत बसून कुणी तरी हुशार माणसानं न कापता खडा फोडायची युक्ती काढली, त्याला काय ठाऊक, की इथं कापण्याची लांबी भरायची एक रिकामी जागा त्याची वाट बघत बसलीय!

काशिनाथनं पुडी परत कोनाड्यात ठेवली आणि वर तक्रार केली. त्याच्याही वर तक्रार केली. शेवटी उत्तर आलं: नमुन्याची व रुग्णाची समक्ष पाहणी करण्यासाठी तपासनीस घरी येतील, नमुना ताब्यात घेऊन सीलबंद करतील, आणि त्यांचा अहवाल अखेरचा राहील.

घरात गणपती येणार असल्यासारखी तयारी झाली. अंगण सारवलं. अप्पांनी गाय अंगणाच्या कडेला, कुंपणाशी बांधून ठेवली. महादू हॉटेल टाकून, उगीच विचारपूस करायच्या निमित्तानं, येऊन पडवीत बसला. त्यानं बाटली सोबत आणली होती. “साहेबाक खरो खडो कसो आसता तो दाखवक होयो,” म्हणाला. विमला दाराआड उभी. काशिनाथनं तिच्याकडे बघायचं टाळलं.

तपासनीस आले ते लुनावरून. नाव शंकर कोचरेकर. जाडे, गोरे, काखेत चामड्याची बॅग, आणि तोंडात अशी मराठी की जणू कंपनीनं छापून दिली होती. हायवेपासून घरापर्यंतचा रस्ता म्हणजे नुसते दगड. लुना अंगणात थांबली.

“काशिनाथ वायंगणकर आपणच ना? मी कंपनीच्या वतीनं आपल्या कथित शस्त्रक्रियेच्या संदर्भात...”

एवढं बोलून तपासनीस थांबले. त्यांचा चेहरा पांढरा झाला. बॅग पडली. एक हात कुशीवर गेला, ते अर्धे वाकले, आणि कंपनीची मराठी जागच्या जागी संपली.

“आवशीचो घोव! मेलंय रे, मेलंय!”

ते ओणवं होणं, तो आ, ते डोळे फिरवणं. काशिनाथनं एका नजरेत ओळखलं. इतके दिवस त्यानं स्वतः जे केलं होतं ते समोर बघायला मिळत होतं.

“साहेबानू, खडो?”

“वरीस झाला,” तपासनीस दातओठ खाऊन म्हणाले. “त्या लुनान हलवल्यान. कापूक सांगतत रे... माका कापणा नको!”

सगळे धावले. महादूनं सदरा वर करायला सुरुवात केली, त्याला अप्पांनी आवरलं. तपासनिसांना पडवीत आडवं केलं. विमलानं गरम पाण्याची पिशवी आणली. अक्कानं कण्हणं ऐकलं आणि ती उठली. तिला कुणी थांबवलं नाही, कारण त्या घरात कण्हल्यावर अक्का उठते यात नवीन काही नव्हतं. ती भिंत चाचपत गेली, चाचपत आली.

“हल्लस तर बग. कपाळ कर हकडे. हां. आता आ कर.”

तपासनिसांनी आ केला. त्या वेळी कुणी विष दिलं असतं तरी त्यांनी आ केला असता.

हळूहळू कळ ओसरली. तपासनीस उठून बसले, विमलानं दिलेली गरमागरम पिठी प्यायले, रुमालानं मान पुसली. कपाळ पुसलं नाही, देवाचं होतं. मग बॅग उघडली, लाखेची कांडी काढली, आणि कंपनीची मराठी परत आणली. “असो. नमुना आणा.”

काशिनाथ देवघरापाशी गेला. कोनाड्यात एक पुडी होती. त्यानं उचलली. आणखी शोधलं. समईमागं वहीचा एक कागद पडला होता, उलगडलेला, रिकामा. त्यानं हातातली पुडी उघडून नाकापाशी नेली. धुपाचा वास आला. मुतखड्याला धुपाचा वास येत नाही.

काशिनाथनं वळून पडवीत बघितलं. तपासनिसांच्या रुंद गोऱ्या कपाळावर राखाडी आडवा पट्टा उन्हात चमकत होता.

त्या घटकेला त्याच्या मनात काय काय येऊन गेलं! अंगाऱ्याची पुडी सील करून द्यावी, कोण बघतंय? पण ती तपासली तर रवळनाथ खोटा पडणार. नमुना सांडला म्हणावं? मग कंपनी म्हणणार, बघा, नव्हताच. न्हाणीघर गेलं, कडी गेली. सगळ्यांत वाईट म्हणजे महादू पडवीत बसला होता. काशिनाथ बाहेर आला. तो खोटं बोलायचा नाही असं नाही, दुकानदार होता. पण गेले कित्येक महिने खरं बोलून खोटा ठरल्यामुळे त्याला आता खऱ्याचाच हट्ट चढला होता.

“साहेबानू, नमुनो आसा.”

“कुठं आहे?”

“तुमच्या कपाळाक.”

अप्पांची गाय हंबरली. विमलानं भिंतीवरचा आरसा काढून आणला. तपासनिसांनी आरशात पट्टा बघितला, बोट लावलं, बोटाकडे बघितलं. मग त्यांना काही तरी आठवलं. चेहरा हळूहळू बदलत गेला.

“आणि जिभेर?”

काशिनाथनं मान खाली घातली.

“अक्के!” विमला ओरडली. “काय केलंस ह्या!”

“काय केलंय?” अक्का शांतपणे म्हणाली. “गुण इलो का नाय? इलो मा? मगे?”

पहिल्यांदा हसला तो महादू. हसता हसता त्याची बाटली कलंडली, खरा खडा गडगडत अंगणात गेला आणि गायीच्या पायापाशी थांबला. मग अप्पा, मग दाराआड विमला; तिनं तोंडात पदर कोंबला होता. तपासनीस कोचरेकर हसले नाहीत. ते बराच वेळ स्वतःच्या तोंडातल्या तोंडात जीभ फिरवत बसले. नोकरी मोठी, की आपलं तोंड मोठं, असा काही तरी विचार चालला असावा. शेवटी त्यांनी पेन काढलं.

“वायंगणकर, खरं सांगा. त्या टबात खरंच कापत नाहीत?”

“रवळनाथाची आण. टाको नाय, टोचणा फक्त कंबरेत.”

“आणि दुसऱ्या दिवशी उठून चालता येतं?”

“मी चलान लिफ्टपर्यंत गेलंय. लिफ्ट बंद होती म्हणान जिने उतारलंय.”

“हूं,” म्हणून तपासनिसांनी लिहायला घेतलं. स्वतःच्या कंपनीचे नियम त्यांना तोंडपाठ होते. उद्या स्वतः टबात बसायची वेळ आली तर हेच नियम त्यांच्याही पाठीला बांधले जाणार होते. लिहून झाल्यावर त्यांनी अहवाल मोठ्यानं वाचला, आणि तो कसालात अजून लोकांना पाठ आहे.

“नमुना सीलबंद करणे शक्य झाले नाही. तथापि प्रस्तुत अधिकाऱ्याने तो स्वतः, कपाळ व जीभ या दोन्ही ठिकाणी, समक्ष तपासला. नमुन्याची चव खारट नाही. सबब ती समुद्राची वाळू नव्हे. शस्त्र दिसले नाही म्हणून शस्त्रक्रिया झाली नाही असे म्हणणे योग्य होणार नाही. खड्याचे दुखणेही दिसत नाही. परंतु ते असते, याची प्रस्तुत अधिकाऱ्यास पूर्ण कल्पना आहे. दावा मंजूर करावा.”

खाली सही, शिक्का. शिक्का मारताना कपाळावरची थोडी पूड कागदावर पडली. ती त्यांनी फुंकली नाही. कागदासकट घडी घालून बॅगेत ठेवली.

वरच्या कचेरीनं एवढ्यावर ऐकलं असतं तर ती वरची कचेरी कसली? तिनं विचारलं, चवीचा अनुभव असलेल्या दुसऱ्या अधिकाऱ्याचं मत जोडता येईल काय? दुसरा अधिकारी पुढं आला नाही. तेव्हा दावा मंजूर झाला. मंजुरीच्या कागदावर स्पष्ट अक्षरांत ‘शस्त्रक्रिया’ असं छापलेलं होतं. काशिनाथनं त्याची कुडाळहून झेरॉक्स आणली, काच लावून घेतली आणि दुकानात महादूच्या हॉटेलच्या बरोबर समोर टांगली. महादू येऊन वाचून गेला. त्याचा खडा गायीनं तुडवला होता, त्यामुळे त्याचेही आता नग मोजता येत नव्हते.

पैसे आले त्याच्या दुसऱ्या दिवशी पाया खणायला घेतला. चिरे आले, पत्रा आला, आणि शेवटी विमलानं ट्रंकेतून कडी काढली. सुताराला हात लावू दिला नाही. स्क्रू तिनं स्वतः पिळले. पहिल्या दिवशी ती आत गेली आणि आतून खट्ट असा आवाज आला. मग बराच वेळ पाण्याचाही आवाज नाही. काशिनाथ बाहेर टॉवेल खांद्यावर टाकून उभा होता. “गो, न्हातंस मा?” त्यानं विचारलं.

“नाय,” आतून विमला म्हणाली. “नुसती बसलंय.”

काशिनाथ टॉवेल घेऊन विहिरीवर गेला.

पावसाळा सरल्यावर एक दिवस दुकानासमोर लुना थांबली. तपासनीस कोचरेकर उतरले, टुणकन. तोंडावर तेज, हातात पेढ्यांचा पुडा. “वायंगणकर, मुंबईला जायची वेळच आली नाही! खडा आपोआप पडला. डॉक्टर म्हणतात पाणी भरपूर प्यायल्यामुळे. माझा विश्वास नाही. त्या दिवशी अक्कांनी जे जिभेवर ठेवलं ना, तेव्हापासूनच उतार पडला.” मग ते पुढं वाकले आणि आवाज खाली आणला. “माझ्या मेव्हण्याक पण खडो झालो हा. वायच तोच अंगारो मिळतलो काय?”

काशिनाथनं पेढा तोंडात टाकला, सावकाश चावला, आणि काचेतल्या त्या कागदाकडे एकदा बघितलं.

“अंगारो होयो तेवढो देतंय, साहेबानू. पण तोच होयो असात तर वायच थांबूचा लागतला. आधी माका परत खडो व्होवक होयो, मगे मुंबय, मगे टब. आणि कंपनीक आधीच इचारून घेवा. ह्या टायमाक नग भरूचे काय?”